दातांसाठी शिल्लक : बचत, करसवलत आणि आपली जबाबदारी

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी आम्ही आपल्यासमोर रुग्णालयाच्या जमाखर्चाचा गोषवारा ठेवतो. तो या अहवालाच्या पुढील पानांत छापलेला आहेच. आज मात्र आपल्या अनुमतीने एका अशा खर्चाविषयी बोलावयाचे आहे, जो आमच्या ताळेबंदात पुरता दिसत नाही. तो खर्च दातांचा. रुग्ण तो स्वतःच्या खिशातून करतो, आणि पुष्कळदा करीतच नाही.

काही महिन्यांपूर्वी आमच्या एका जुन्या देणगीदारांचे चिरंजीव अमेरिकेहून सहकुटुंब साईदर्शनास आले असता रुग्णालयासही भेट देऊन गेले. दंतचिकित्सा विभागाबाहेरील बाकांवर बसलेली मंडळी पाहून त्यांनी विचारले, ‘‘यांचे पैसे कोण भरते?’’ आम्ही उत्तरलो, ‘‘त्यांचे तेच. नसतील तर उसने आणतात, नाहीतर उठून घरी जातात.’’ तेव्हा त्यांनी आपला अनुभव सांगितला. त्यांच्या दाढेचे रूट कॅनॉल आणि त्यावरील कॅप यांचा खर्च त्यांनी आपल्या ‘आरोग्य बचत खात्या’तून केला होता आणि त्या खात्यात टाकलेल्या रकमेवर त्यांना प्राप्तिकर पडला नव्हता. जाताना ते विचारून गेले, ‘‘आपल्याकडे असे खाते का नाही?’’ हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या माणसांना असा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. त्याचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते आज आपल्यापुढे मांडत आहोत.

अमेरिकेत २००३ साली झालेल्या कायद्याने ही खाती निर्माण झाली आणि जानेवारी २००४ पासून ती सुरू झाली. मोठ्या खर्चासाठी आरोग्यविमा घ्यावयाचा, त्यातील आरंभीचा बराच भाग विमेदाराने स्वतः सोसावयाचा आणि तो सोसता यावा म्हणून वेगळ्या खात्यात दरवर्षी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम साठवावयाची, अशी ती रचना आहे. जमा होणाऱ्या रकमेवर कर नाही, तिच्या वाढीवर कर नाही आणि वैद्यकीय कारणासाठी काढल्यास तेव्हाही कर नाही. शिल्लक उरली तर ती पुढील वर्षी चालू राहते. दात भरणे, काढणे, रूट कॅनॉल, कवळी हे सारे खर्च त्यात बसतात. केवळ शोभेसाठी दात पांढरे करून घेणे बसत नाही. पासष्ट वर्षांच्या आत अन्य कारणासाठी रक्कम काढली तर करही भरावा लागतो आणि वर वीस टक्के दंडही. सिंगापूरने तर १९८४ सालीच सक्तीच्या वैद्यकीय बचतीची योजना आणली. तेथे मात्र दातांच्या बाबतीत शस्त्रक्रियेचाच खर्च त्या खात्यातून करता येतो. साधे दात भरणे वा साफ करणे नव्हे.

ही रचना ऐकावयास सुरेख वाटते. तथापि तिच्यातील एक मर्म ध्यानात घेतले पाहिजे. करसवलतीचे मोल ज्याचा कर मोठा त्याला मोठे, ज्याला करच नाही त्याला शून्य. शिर्डी, राहाता, कोपरगाव, संगमनेर या परिसरातून आमच्याकडे येणारा ऊसतोडणी कामगार, फुलांच्या हारांची टोपली घेऊन बसणारी बाई, पेरूच्या बागेत राबणारा मजूर यांना प्राप्तिकराची सूट देऊ केली तरी ती ते घेणार कशातून?

आपल्या देशात या प्रकारचे खाते आजवर कायद्याने निर्माण झालेले नाही. त्याच्या जवळपास जाणारे काही प्रयोग मात्र झाले. पहिला, नोकरदारांसाठीचा. मालकाने नोकराच्या वा त्याच्या कुटुंबाच्या औषधोपचाराची बिले भागविली तर वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम करमुक्त असे. दंतवैद्याचे बिलही त्यात लावता येई. २०१८-१९ या आर्थिक वर्षापासून ही सोय काढून तिच्या व प्रवासभत्त्याच्या जागी सरसकट प्रमाणित वजावट देण्यात आली. हिशेब सुटसुटीत झाला हे खरे. परंतु वर्षअखेरीस बिले गोळा करावयाची आहेत या निमित्ताने का होईना दंतवैद्याकडे जाणारा माणूस त्या दिवसापासून कमी झाला.

दुसरा प्रयोग आयुर्विमा महामंडळाचा. २००८ साली महामंडळाने ‘हेल्थ प्लस’ नावाची योजना आणली. हप्त्याचा काही भाग विमासंरक्षणाकडे जाई आणि उरलेला युनिटच्या निधीत साठे. काही काळानंतर त्या निधीतून रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्चही मागता येई. हप्त्यावर ८० डी कलमाची सवलत होती. म्हणजे पाहुण्यांनी विचारलेले खाते जवळजवळ झालेच होते! परंतु निधी शेअर बाजाराशी बांधलेला होता आणि २००८ हे वर्ष बाजाराच्या पडझडीचे ठरले. पुढे ही योजना नव्या ग्राहकांसाठी बंद झाली. उपचारासाठी ठेवलेला पैसा बाजाराच्या चढउतारावर सोडू नये, एवढा धडा आपण त्यातून घ्यावा. दाढ दुखू लागते तेव्हा निर्देशांक वर चढण्याची वाट पाहता येत नाही.

मग आज काय उपलब्ध आहे? रुग्णांचे नातेवाईक आम्हांस प्रथम विचारतात ते विम्याविषयी. आपल्याकडे १९८६ साली मेडिक्लेम विमा सुरू झाला आणि त्याच सुमारास हप्त्यावरील वजावटीचे कलम आले. हा विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याचा आहे. २०२० पासून सर्व कंपन्यांना द्यावी लागणारी ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी आजारामुळे वा दुखापतीमुळे आवश्यक झालेला दंतोपचार मान्य करते, पण तोही दाखल होऊन घेतलेला. महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जबड्याच्या व तोंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. खुर्चीवर बसून केलेली दाढेची भरणी, कॅप वा कवळी यांपैकी कशातच सहसा बसत नाही.

यात विमा कंपन्यांचा केवळ कद्रूपणा आहे असे आम्ही म्हणणार नाही. विमा हा अनिश्चित संकटासाठी असतो. शंभर घरांतून एकाचे जळते म्हणून शंभरांनी थोडे थोडे द्यावयाचे. दातांचे तसे नाही. जन्मभरात ज्याची एकही दाढ किडली नाही असा माणूस विरळा. जो खर्च जवळजवळ प्रत्येकास येणार, हळूहळू येणार आणि आधी सूचना देऊन येणार, त्याचे योग्य साधन बचत हेच होय. आपल्याकडील जुनी म्हण, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, इथे अक्षरशः खरी ठरते. पैसा हाती असतो तेव्हा दाढ दुखत नसते. दाढ दुखते तेव्हा उसाचे बिल यावयाचे असते.

करसवलतीचा जो मार्ग खरोखर उपलब्ध आहे, त्याची हकिगत सांगताना आम्हांस स्वतःची एक चूक कबूल करावी लागेल. जवळच्याच गावातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आपल्या पत्नीची कवळी करून घेण्यासाठी आमच्याकडे येत असत. दोघांचीही साठी उलटलेली, दोघांचाही आरोग्यविमा नाही. पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलाने पैसे पाठवावेत, गुरुजींनी ते बँकेतून काढून आमच्या खिडकीवर रोख भरावेत आणि पावती घडी करून टोपीत ठेवावी, असा क्रम चालला. वर्ष संपल्यावर मुलाच्या कर सल्लागाराने सांगितले की, विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या वैद्यकीय खर्चाची वजावट मुलाला घेता आली असती. पण रक्कम रोख दिली असल्याने ती मिळणार नाही. गुरुजी पावत्यांचा गठ्ठा घेऊन आमच्याकडे आले आणि संकोचाने म्हणाले, ‘‘यावर ‘धनादेशाने’ असे लिहून देता येईल का?’’ आम्ही नकार दिला. खोटी पावती देणारी धर्मादाय संस्था धर्मादाय राहत नाही. गुरुजींनीही तत्काळ क्षमा मागितली. परंतु ते गेल्यावर आमच्या मनात राहिले ते हे की, क्षमा खरे तर आम्ही मागावयास हवी होती. इतक्या वेळा ते खिडकीवर आले, पण ‘‘मुलाच्या खात्यातून परस्पर भरा’’ एवढे एक वाक्य आमच्यापैकी कोणी उच्चारले नाही.

म्हणून ते वाक्य आज आम्ही विस्ताराने उच्चारतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील ८० डी कलमात २०१८-१९ या वर्षापासून अशी तरतूद झाली की, साठ वा अधिक वयाच्या व्यक्तीच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरलेला नसेल, तर तिच्या वैद्यकीय खर्चापोटी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळावी. हा खर्च स्वतःचा, पती वा पत्नीचा किंवा आईवडिलांचा असू शकतो. सासू-सासऱ्यांचा मात्र यात अंतर्भाव नाही. ‘वैद्यकीय खर्च’ या शब्दांची यादी कायद्याने दिलेली नाही आणि त्यातून दंतोपचार वगळलेलेही नाहीत. रक्कम रोखीखेरीज अन्य मार्गाने, म्हणजे धनादेश, कार्ड वा ऑनलाइन भरणा करूनच दिलेली असावी लागते. प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीसाठी याच एकूण मर्यादेच्या आत ५,००० रुपयांची वजावट आहे. तपासणीची रक्कम रोख दिली तरी चालते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा घेतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी या वजावटीचे तत्त्व कायम आहे.

यातून लाभ किती? समजा कवळीस २०,००० रुपये खर्च आला आणि मुलगा जुन्या करप्रणालीत वीस टक्क्यांच्या टप्प्यात आहे. तर त्याचा कर उपकरासह ४,१६० रुपयांनी कमी होईल. मुलगा नव्या करप्रणालीत असेल तर लाभ काहीच नाही, कारण त्या प्रणालीत ही वजावट नाही. आणि २०२३-२४ पासून कोणी वेगळा पर्याय न निवडल्यास नवी प्रणालीच आपोआप लागू होते. तेव्हा केवळ दातांच्या खर्चासाठी कोणी जुनी प्रणाली निवडावी असा आमचा सल्ला नाही. दात कोरून पोट भरत नाही, हे या बाबतीतही खरे. पण गृहकर्जामुळे वा अन्य कारणांनी जे जुन्या प्रणालीत आहेतच, त्यांनी हे चार हजार रुपये केवळ अज्ञानापायी सोडू नयेत.

आता ज्यांना करच नाही त्यांच्याकडे वळू. आमचे बहुसंख्य रुग्ण तेच आहेत. ऊसतोडणीस आलेली एक माउली दाढदुखीवर मिसरी लावीत राहिली. मिसरीने दुःख बधिर होते असा तिचा समज. आमच्याकडे ती प्रथम आली तेव्हा दाढ काढण्यावर भागले असते. ‘‘पट्टा पडल्यावर येते,’’ असे सांगून ती गेली. पुन्हा आली तेव्हा सूज गालावरून गळ्यापर्यंत उतरली होती, तोंड उघडत नव्हते आणि तिला त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. ती वाचली, ही साईकृपा. परंतु थोडक्या रुपयांचा उपचार न झाल्याने त्या कुटुंबाचा हंगाम बुडाला. मिसरी, तंबाखू आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही चोरून विकला जाणारा गुटखा यांमुळे आपल्या भागात तोंडाच्या कर्करोगाची धास्तीही आहे. त्याची पहिली खूण, गालाच्या आतला पांढरा चट्टा वा न भरणारा व्रण, दाढ दाखवावयास आलेल्या माणसाच्या तोंडात दंतवैद्यास दिसू शकते. दंतवैद्याकडे न जाणे म्हणजे ही संधीही गमावणे होय.

या मंडळींसाठी रुग्णालयानेच एखादी बचत योजना काढावी, दरमहा थोडी रक्कम स्वीकारून उपचाराच्या वेळी ती वळती करावी, अशी सूचना काही हितचिंतकांनी केली. हेतू चांगला असला तरी आम्ही ती न स्वीकारण्याचा सल्ला विश्वस्तांना दिला. लोकांच्या ठेवी सांभाळणे हे रुग्णालयाचे काम नव्हे, आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा याविषयी कडक आहे. शिवाय रुग्णाची बचत रुग्णाच्याच नावावर असावी. उद्या त्याला लोणीच्या वा संगमनेरच्या दंतमहाविद्यालयात जावेसे वाटले तर त्याचा पैसा आमच्यापाशी अडकून राहू नये.

त्यापेक्षा साधा मार्ग आहे. टपाल कार्यालयात पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते. घरातील चौघांच्या दातांसाठी महिना २०० रुपये ठेवले तर वर्षाला २,४०० आणि पाच वर्षांत १२,००० रुपये, वर व्याज. थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण म्हणतोच. बँकेतही असे खाते उघडता येते. बँकेतील ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत ठेवविम्याचे संरक्षण आहे; पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण नाही. गल्लीतील भिशी सोयीची खरी, पण ती ज्याची पाळी त्याला मिळते, ज्याची दाढ दुखते त्याला नव्हे. या व्याजावर करसवलत नसली तरी ज्यास कर नाही त्याचे त्यात काही अडत नाही. त्याला हवे आहे ते एवढेच की, गरजेच्या दिवशी पैसा हाती असावा आणि सावकाराच्या दारी जावे लागू नये.

आमच्या बाजूने आम्ही काही बदल केले आहेत. दंतोपचाराच्या पावतीवर आता रुग्णाचे नाव व वय, उपचाराचा स्पष्ट उल्लेख, दंतवैद्याचा नोंदणी क्रमांक आणि रक्कम कशी व कोणाकडून मिळाली, हे सारे लिहिले जाते. साठीपुढील रुग्णाची नोंद करताना खिडकीवरील कर्मचारी विचारतो, ‘‘विमा आहे का? पैसे कोण भरणार आहे?’’ हा चौकसपणा नव्हे. गुरुजींची आठवण आहे. उपचाराचा अंदाज आम्ही टप्प्याटप्प्याने लिहून देतो, जेणेकरून आज काय टाळता येणार नाही आणि काय सहा महिन्यांनी केले तरी चालेल, हे कुटुंबास ठरविता यावे.

निर्धन रुग्णांसाठी कायद्याने केलेली सोय आहेच. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात, तसेच एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावयाची असते. हा रुग्णाचा हक्क आहे. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला घेऊन आमच्या समाजसेवा अधिकाऱ्यांकडे यावे. मागण्यात कमीपणा मानू नये. तथापि खाटेवर न पडता खुर्चीवर होणाऱ्या उपचारांची गरज मोठी आहे. म्हणून विश्वस्त मंडळाच्या संमतीने दंतोपचारांसाठी स्वतंत्र साहाय्य निधी उभारण्याचा मानस आहे. जबडा सुजण्याआधी दाढ काढणे, मुलांच्या दाढा वेळीच भरणे आणि निराधार वृद्धांना कवळी देणे, एवढ्याच तीन कामांस तो वापरला जाईल आणि त्याचा हिशेब पुढील अहवालात वेगळा छापला जाईल.

देणगीदारांशी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आजवर आम्ही देणगीचे आवाहन करताना ८० जी कलमाचा उल्लेख ठळक अक्षरांत करीत आलो. नव्या करप्रणालीत देणगीदारास ती वजावटही मिळत नाही. जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांवरील रोख देणगीस ती नाही. तेव्हा आपल्यापैकी अनेकांना आता देणगीतून कराचा लाभ होणार नाही, हे आम्ही आधीच सांगतो. त्यानंतरही आपण द्याल, असा आमचा विश्वास आहे.

ज्या गावात आपण बसलो आहोत, तेथे एक फकीर दिवसभर दक्षिणा मागत असे आणि सायंकाळपर्यंत ती सारी वाटून टाकीत असे. उद्यासाठी त्याने काही ठेवले नाही. तो फकीर होता. आपण प्रापंचिक आहोत. आपल्याला उद्यासाठी ठेवावे लागते आणि त्यातूनच दुसऱ्यासाठी काढावे लागते. आज घरी गेल्यावर दोन गोष्टी कराव्यात, एवढी विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, ‘‘जेवताना कुठल्या बाजूने चावता?’’ एकाच बाजूने म्हणाले तर दुसऱ्या बाजूला दुखते आहे आणि ते खर्चाच्या भयाने बोलत नाहीत, असे समजावे. आणि येत्या सोमवारी टपाल कार्यालयात जाऊन शंभर रुपयांचे का होईना, एक खाते उघडावे.



ॐ साईराम.